कोळसेवाल्यांच्या गावात

गुरुवार

ब्युनॉस आयर्सहून माँटेव्हिडिओला विमानाने चुटकीसरशी पोचता येतं. मी मुद्दाम बोटीने आलो. ला प्लाता ही म्हणायला नदी. थोडं आत गेल्यावर दोन्ही काठ दिसेनासे होतात आणि चहूकडे नुसतं गढूळ, तपकिरी पाणी. शेजारच्या बाकावरचे गृहस्थ काखेत थर्मास धरून ‘माते’ या इथल्या चहासारख्या पेयाची नळी चोखत बसले होते. कुठे निघालात, असं त्यांनी विचारलं. माझ्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये मी ‘पेन्यारोल’ एवढंच म्हणालो. मला त्या नावाची वस्ती म्हणायची होती, त्यांनी फुटबॉल क्लब ऐकला. थर्मास खाली ठेवून त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि पुढचा तासभर सोडला नाही. म्हणजे हात सोडला, विषय सोडला नाही.

धक्क्यावर भाचा आला होता. तो इथे एका भारतीय सॉफ्टवेअर कंपनीत आहे. आपल्याकडे हे ऐकून लोक चकित होतात, पण टाटा कन्सल्टन्सीने २००२ मध्येच या शहरात कचेरी थाटली आणि तेव्हापासून आपली माणसं इथे येऊन-जाऊन असतात. गाडीत बसता बसता तो म्हणाला, “मामा, आधीच सांगून ठेवतो. आपल्या घरात नासिओनाल चालतं. तुम्ही ज्यांच्यासाठी आलात ते समोरचे.”

देशाची लोकसंख्या जेमतेम पस्तीस लाख. त्यातले बहुतेक या दोन क्लबांत वाटले गेलेले: पिवळा-काळा पेन्यारोल, नाहीतर पांढरा-निळा-लाल नासिओनाल. तिसरं कोणी असलंच, तर बाकीचे त्याच्याकडे जरा संशयाने बघतात.

माझं फुटबॉलप्रेम वर्ल्ड कपपुरतं. पण उमेदीची वर्षं परळच्या रेल्वे वर्कशॉपात गेली, आणि एका रेल्वे कंपनीच्या वर्कशॉपात क्रिकेट खेळायला निघालेला क्लब पुढे दक्षिण अमेरिकेचा पहिला फुटबॉल विजेता झाला, हे कळल्यापासून ते वर्कशॉप बघायचं डोक्यात होतं. भाच्याला हे कारण पटलं नाही. “लोक इथे समुद्रकिनारा बघायला येतात,” तो म्हणाला.

शुक्रवार

सकाळी बसने उत्तरेकडे निघालो. पेन्यारोल ही वस्ती शहराच्या मध्यापासून दहा-एक किलोमीटरवर. उंच इमारती मागे पडल्या, बैठी घरं सुरू झाली आणि मग पत्र्याच्या छपरांची लांबलचक विटकरी शेडं दिसली. मी घंटी दाबली. थांबा कुठला ते बघायचं भानही राहिलं नाही.

नावाची गोष्ट आधी सांगतो, कारण इथे प्रत्येकाने ती मला सांगितली. अठराव्या शतकात इटलीतल्या पिनेरोलो गावाहून क्रोसा नावाचा एक शेतकरी इथे आला. लोक त्याला गावाच्या नावाने ओळखू लागले, त्या नावाचा उच्चार स्पॅनिश तोंडात बदलला आणि सगळा परिसरच पेन्यारोल झाला. पुढे लंडनच्या भांडवलावर चालणाऱ्या सेंट्रल उरुग्वे रेल्वे कंपनीला मोठ्या वर्कशॉपसाठी जागा हवी होती. तिने इथली जमीन घेतली आणि १८९१ मध्ये शहरातलं जुनं वर्कशॉप हलवून इथे आणलं.

वस्ती फिरायला दोन तास पुरे, मी दिवस घालवला. साहेबांचे बंगले वेगळे, त्यांना बाग. फोरमनची घरं जरा बरी. कामगारांची घरं एका रांगेत, भिंतीला भिंत. स्टेशन मधोमध, करमणुकीसाठी सभागृह. ही मांडणी मला कोणी समजावून सांगावी लागली नाही. ज्याने भुसावळची किंवा परळची रेल्वे वसाहत पाहिली आहे, तो इथे डोळे झाकूनही फोरमनचं घर शोधेल. शेडच्या भिंतीला हात लावून पाहिला. आत जुन्या लेथ आहेत की नाहीत, ते बाहेरून कळेना. पण तेलकट लोखंडाचा वास येत होता, निदान मला तरी आला.

स्टेशनात छोटंसं संग्रहालय आहे. सिग्नलचे कंदील, तिकिटं, कामगारांचे फोटो. फोटोंतले चेहरे मी बराच वेळ बघत होतो. पुढच्या रांगेत टोपीवाले इंग्रज, मागे मिशीवाले इटालियन आणि स्थानिक. बघता बघता क्लबाची सभासदयादी डोळ्यांसमोर उभी राहिली.

ती यादी अशी. २८ सप्टेंबर १८९१ रोजी ‘सेंट्रल उरुग्वे रेल्वे क्रिकेट क्लब’ निघाला तेव्हा ११८ सभासद होते: ७२ ब्रिटिश, ४५ उरुग्वेचे आणि एक जर्मन. त्या एका जर्मनाचं मला फार कुतूहल वाटतं. क्रिकेट त्याला कोणी शिकवलं असेल? फ्रँक हेंडरसन पहिले अध्यक्ष. क्रिकेट नावात राहिलं, पण पुढच्याच वर्षी, १८९२ मध्ये, इंग्लिश हायस्कूलविरुद्ध पहिला फुटबॉल सामना झाला आणि क्लबाने तो २-० ने जिंकला. मग क्रिकेट मागे पडलं. मैदान, चेंडू आणि दीड तास एवढ्यावर भागणारा खेळ पाळ्यांत काम करणाऱ्या माणसाला सोयीचा, असं माझं मत. पाच दिवसांच्या क्रिकेटवर जीव टाकणाऱ्या देशातल्या माणसाने हे म्हणू नये, पण म्हणतो.

आणखी एक फरक पडला. आधी साहेब खेळायचे, कामगार बघायचे. १८९५ पर्यंत हुलिओ नेग्रोन हा स्थानिक माणूस कर्णधार झाला होता. सीयूआरसीसी हे आद्याक्षरांचं इंग्रजी नाव स्थानिकांच्या जिभेवर बसेना, म्हणून ते सरळ वस्तीच्या नावाने ओरडायला लागले. १९०० मध्ये देशाची पहिली लीग झाली, चार संघांची. ती रेल्वेने जिंकली. पिवळा-काळा रंगही रेल्वेतूनच आला. कोणी म्हणतं सिग्नलवरून, कोणी म्हणतं स्टीव्हन्सनच्या ‘रॉकेट’ इंजिनावरून. विरोधक ‘कोळसेवाले’ म्हणून हिणवायचे. आज पेन्यारोलवाले तेच नाव छातीवर मिरवतात.

१९०९ मध्ये जॉन हार्ली आला. ग्लासगोचा स्कॉटिश, अर्जेंटिनात रेल्वेत नोकरीला असलेला. इथल्या क्लबाने त्याचा खेळ पाहून त्याला नदीपलीकडून बोलावून घेतलं. तोवर इथे इंग्रजी पद्धत होती: चेंडू उंच मारायचा आणि मागे धावायचं. हार्ली चेंडू जमिनीवर ठेवायचा आणि जवळच्या माणसाला द्यायचा. त्याच्याच संघात होसे पिएंदिबेने होता, ज्याला पुढे सगळे ‘मास्तर’ म्हणू लागले. उरुग्वेने पुढे जगाला जो छोट्या पासांचा खेळ दाखवला त्याची एक मुळी या वर्कशॉपच्या आवारात आहे. गंमत म्हणजे हार्ली उरुग्वेच्या राष्ट्रीय संघाचाही कर्णधार झाला.

आणि मग कंपनी वैतागली. खेळाडू कामगार हजेरीला गैरहजर राहू लागले. सामन्याला जाणारे समर्थक गाडीच्या डब्यांची नासधूस करायचे, त्याचा खर्च कंपनीच्या माथी. साहेबांना आपला नीटनेटका स्पोर्ट्स क्लब हवा होता आणि हाताशी आली होती अख्ख्या शहराची गर्दी. क्लबाच्या नावात ‘पेन्यारोल’ घालावं, हा प्रस्ताव १९१३ मध्ये फेटाळला गेला. शेवटी त्याच वर्षी १३ डिसेंबरला फुटबॉलचा विभाग कंपनीपासून वेगळा झाला, आणि मार्च १९१४ मध्ये ‘क्लब अत्लेतिको पेन्यारोल’ हे नाव लागलं.

इतकी साधी गोष्ट. पण त्या एका सहीवरून दोन क्लबांत कित्येक दशकं भांडण चालू आहे. नासिओनालची स्थापना १४ मे १८९९ची. पेन्यारोल १८९१चा धरला तर तो थोरला. १९१३चा धरला तर नासिओनाल. या वादाला इथे स्वतंत्र नाव आहे, ‘देकानातो’, म्हणजे ज्येष्ठपणाचा मान. पेन्यारोलमधल्या भिंतीभिंतीवर १८९१ रंगवलेलं आहे. परतीच्या वाटेवर एका शाळेच्या कुंपणाशी मला तेच १८९१ खोडून त्यावर १९१३ लिहिलेलं दिसलं. खालच्या कोपऱ्यात कोणीतरी पुन्हा १८९१.

शनिवार

आधी जुनं मध्यवर्ती रेल्वे स्थानक. १८९७चं, लुईजी आंद्रेओनी या इटालियन इंजिनिअरने बांधलेलं. दर्शनी बाजूला चार पुतळे: वॅट, स्टीव्हन्सन, व्होल्टा आणि पापँ. देवांच्या जागी इंजिनिअर उभे केलेली इमारत मी आजवर पाहिली नव्हती. वर्कशॉपातल्या माणसाला भरून येईल अशी. मात्र २००३ मध्ये स्थानक बंद झालं. गाड्या थोड्या पलीकडच्या छोट्या, रूपहीन थांब्यावर हलवल्या आणि ही वास्तू तशीच पडून राहिली. फाटकाच्या गजांतून बघून निघालो. थांबवेना.

तिथून चालत पालासिओ पेन्यारोल. हे क्लबाचं मुख्यालय, सोबत बास्केटबॉलचं बंदिस्त क्रीडागृह, १९५५ पासूनचं. इथेच चषकांचं दालन आहे. भाचा दारापर्यंत आला आणि “मी कॉफी पितो” म्हणून समोरच्या हॉटेलात जाऊन बसला. धर्म बाटेल अशी भीती असावी.

आत चांदीची नुसती रांग. कोपा लिबेर्तादोरेस, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा, १९६० मध्ये सुरू झाली. पहिलाच सामना पेन्यारोलचा, बोलिव्हियाच्या होर्खे विल्स्टरमन संघाशी, ७-१. त्यातले चार गोल आल्बेर्तो स्पेन्सरचे. हा इक्वेडोरचा. डोक्याने असे गोल करायचा की त्याला ‘जादूचं डोकं’ म्हणत. लिबेर्तादोरेसमध्ये त्याचे एकूण ५४ गोल आहेत आणि तो विक्रम अजून कोणाच्या हाती लागलेला नाही. पेन्यारोलने १९६० आणि १९६१ असा लागोपाठ दोनदा चषक नेला. १९६१ मध्ये युरोपचा विजेता बेन्फिका इथे आला तेव्हा त्याला ५-० असा मार दिला, मग निर्णायक सामन्यात युसेबिओ असतानाही २-१ हरवलं.

माझा पाय अडखळला तो १९६६च्या काचेपाशी. अंतिम फेरीचा निर्णायक सामना, सांतियागोमध्ये, ब्युनॉस आयर्सच्या रिव्हर प्लेटशी. मध्यंतराला रिव्हर २-० ने पुढे. तेव्हा रिव्हरचा गोलकीपर अमादेओ कारिसो याने आलेला चेंडू हाताने न पकडता छातीवर झेलला, मजेत. पेन्यारोलच्या खेळाडूंना ते झोंबलं. मग स्पेन्सरचा एक, अब्बादिएचा एक, जादा वेळेत आणखी दोन, ४-२. घरी गेल्यावर रिव्हरच्या पुढच्या एका सामन्यात विरोधी प्रेक्षकांनी लाल पट्टा बांधलेली पांढरी कोंबडी मैदानात सोडली. तेव्हापासून रिव्हरवाले ‘कोंबड्या’ ते आजतागायत. छातीवर झेललेला एक चेंडू केवढ्याला पडला! त्याच वर्षी पेन्यारोलने रेआल माद्रिदला घरी आणि माद्रिदमध्ये, दोन्हीकडे २-० ने हरवलं.

१९८२ मध्ये चौथी लिबेर्तादोरेस, शेवटच्या मिनिटांत फेर्नांदो मोरेनाच्या गोलावर. मग टोकियोत युरोपच्या विजेत्या अ‍ॅस्टन व्हिलावर २-०. आणि १९८७. तेव्हा क्लबाकडे पैसे नव्हते, संघ पोरसवदा. प्रशिक्षक ऑस्कर ताबारेस. प्रतिस्पर्धी कोलंबियाचा अमेरिका दे काली, सलग तिसऱ्या वर्षी अंतिम फेरीत. निर्णायक सामना पुन्हा सांतियागोत. बरोबरी झाली असती तर गोलफरकावर चषक कालीला जाणार होता. जादा वेळही संपत आला. १२०व्या मिनिटाला दिएगो आगिर्रेने डाव्या पायाने मारला. त्या रात्री कालीच्या माणसांचं काय झालं असेल ते मी न बोलता सोडतो. हाच आगिर्रे पुढे प्रशिक्षक झाला. २०११ मध्ये त्याने संघ अंतिम फेरीत नेला, तिथे नेमारच्या सांतोसने हरवलं. २०२४ मध्ये पुन्हा उपांत्य फेरीपर्यंत.

बाहेर आलो तेव्हा भाच्याची तिसरी कॉफी चालू होती. “१९८७ नंतर काय, ते विचारलंत का?” तो म्हणाला. खरं आहे. १९८७ नंतर लिबेर्तादोरेस नाही. युरोप तरुण खेळाडू विशीच्या आत उचलून नेतो, ब्राझीलचे क्लब पैशात लोळतात. पाच मोठ्या चषकांवर धूळ बसू नये म्हणून कोणीतरी रोज फडकं मारतं, इतकंच.

रविवार

सामना. भाच्याच्या कचेरीतल्या एका पेन्यारोलवाल्याने तिकिटं काढून दिली, आणि “आमच्या शेजारी बसायचं तर पिवळं घाला” अशी अट घातली. बिचाऱ्या भाच्याने करडं जाकीट घातलं.

स्टेडियम शहराबाहेर, रूट १०२ वर. नाव ‘कांपेओन देल सिग्लो’, शतकाचा विजेता. २००९ मध्ये फुटबॉलच्या आकडेवारीची नोंद ठेवणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेने पेन्यारोलला विसाव्या शतकातला दक्षिण अमेरिकेचा सर्वोत्तम क्लब ठरवलं, त्यावरून. स्वतःच्या घराच्या पाटीवर पदवी कोरून घ्यावी तसं हे नाव मला वाटतं, पण बोललो नाही. २८ मार्च २०१६ला उद्घाटन झालं, योगायोगाने रिव्हर प्लेटशीच, ४-१. पहिला गोल दिएगो फोर्लानचा. त्याचे वडील पाब्लो फोर्लान १९६६च्या संघात होते. चाळीस हजार माणसं मावतात. एका स्टँडला फ्रँक हेंडरसनचं नाव दिलंय, म्हणजे १८९१चा दावा सिमेंटमध्येही ओतून ठेवलाय. एक गोष्ट खटकली: रेल्वेतून जन्मलेल्या क्लबाच्या घरी रेल्वेने जाता येत नाही. वाहतूक कोंडीत तासभर गेला.

गर्दीचं वर्णन सगळेच करतात. मी आवाजाबद्दल सांगतो. ढोल सामन्याच्या आधी सुरू होतात आणि संपल्यावरही थांबत नाहीत. गाण्यांच्या चाली ‘मुर्गा’च्या, म्हणजे कार्निव्हलमधल्या समूहगानाच्या. माझ्या पुढच्या ओळीत एक आजोबा नातवाला घेऊन आले होते. नातू मोबाइलवर, आजोबा उभे. आमच्या बाजूने चुकीचा पास गेला की ते मागे वळून माझ्याकडे बघायचे, जणू मी दिला. शेवटी शेवटी मीही खांदे उडवून माफी मागायला लागलो.

मध्यंतरात भाच्याच्या मित्राने ‘मान्या’ या हाकेची कथा सांगितली. १९१४ मध्ये कार्लोस स्कारोने हा खेळाडू पेन्यारोल सोडून नासिओनालकडे गेला. का गेलास, असं विचारल्यावर तो इटालियन वळणाने म्हणाला, तिथे राहून काय घाण खायची? खाण्याचं ते इटालियन क्रियापद मोडून ‘मान्या’ झालं. आधी शिवी, आता अभिमानाचं बिरुद. मग झेंड्याची गोष्ट निघाली. २०११ मध्ये समर्थकांनी वर्गणी काढून ३०९ मीटर लांब आणि ४६ मीटर रुंद झेंडा शिवून घेतला. सेंतेनारिओ स्टेडियमचा मोठा भाग त्याखाली झाकला गेला. इतका वेळ गप्प असलेला भाचा म्हणाला, “२०१३. नासिओनाल. सहाशे मीटर.” मित्राने तोंड फिरवलं.

समोर माँटेव्हिडिओचाच एक छोटा क्लब होता. एका गोलाने जिंकलो. ‘जिंकलो’ लिहून गेलं, राहू दे.

सोमवार

दिवसभर पाऊस. भाचा कामावर. पाऊस पडला की इथे तोर्ता फ्रिता तळतात. पिठाचा गोल चपटा वडा, चरबीत तळलेला, वर साखर. शेजारच्या बाईंनी ताटलीभर आणून दिल्या. त्यांना माझ्या येण्याचं कारण कळल्यावर त्यांनी फक्त एक नाव घेतलं: ओब्दुलिओ.

ओब्दुलिओ वारेला १९४३ मध्ये पेन्यारोलला आला. माणूस काळा, गरिबीतून आलेला. १९४८ मध्ये उरुग्वेच्या खेळाडूंनी आपल्या हक्कांसाठी संप केला, तो काही महिने चालला. त्यात तो पुढे होता. पुढे क्लबाने शर्टांवर जाहिरात छापली तेव्हा दहा जण जाहिरातीचा शर्ट घालून उतरले आणि हा एकटा साधा. आम्हा काळ्यांना नाकात कडी घालून ओढायचे दिवस गेले, असं त्याचं म्हणणं होतं. १६ जुलै १९५०ला वर्ल्ड कपच्या निर्णायक सामन्यात, रिओच्या माराकाना मैदानावर, ब्राझीलने गोल केल्यावर चेंडू काखेत घेऊन तो हळूहळू चालत लाइन्समनकडे वाद घालायला गेला. दोन लाखांच्या जवळपास लोकांचा जल्लोष थंड होईपर्यंत त्याने खेळ सुरू होऊ दिला नाही. मग स्कियाफिनो, मग गिज्जिया; २-१. हे दोघेही पेन्यारोलचे. गोलकीपर मास्पोली आणि मिगेसही. संपावर गेलेल्या कामगारांचा नेता आणि जगज्जेता कर्णधार एकच माणूस असावा, हे मला फार आवडलं. युनियनमध्ये असताना आम्हाला असा कोणी मिळाला नाही.

मंगळवार

ऊन पडलं. पोसितोसला गेलो. आता तिथे झाडांचे रस्ते आणि उंच इमारती आहेत, पण १९२१ पासून पुढे इथे पेन्यारोलचं मैदान होतं. १३ जुलै १९३० रोजी वर्ल्ड कपचे पहिले दोन सामने एकाच वेळी सुरू झाले. एक नासिओनालच्या मैदानावर आणि एक इथे, फ्रान्स विरुद्ध मेक्सिको. १९व्या मिनिटाला लुसियाँ लोराँने वर्ल्ड कपच्या इतिहासातला पहिला गोल केला. लोराँ प्यूजो मोटारींच्या कारखान्यात कामाला होता. म्हणजे रेल्वे कामगारांच्या क्लबाच्या मैदानावर मोटार कामगाराचा गोल. पुढे मैदान गेलं, रस्ते आखले गेले. जुने नकाशे ताडून जागा शोधल्यावर आता तिथे, चारुआ आणि कोरोनेल आलेग्रे या रस्त्यांच्या आसपास, दोन शिल्पं उभी आहेत. एक मैदानाच्या मध्याची खूण, एक गोलपोस्टाच्या वरच्या कोपऱ्याची. पहिल्या गोलच्या जागेशी एक बाई कुत्र्याला फिरवत होत्या.

दुपारी सेंतेनारिओ. १९३०च्या वर्ल्ड कपसाठी पाळ्या लावून काही महिन्यांत उभं केलेलं, तरी स्पर्धा सुरू झाल्यावर पाच दिवसांनी, १८ जुलैला उघडलेलं. संग्रहालयात मी शोधत होतो तो इसाबेलिनो ग्रादीन. पेन्यारोलचा, कृष्णवर्णीय, धावपटूही. २०० आणि ४०० मीटरमध्ये दक्षिण अमेरिकेचा विजेता. १९१६च्या पहिल्या दक्षिण अमेरिकी स्पर्धेत उरुग्वेने चिलीला ४-० हरवलं, दोन गोल पिएंदिबेनेचे आणि दोन ग्रादीनचे. चिलीने तक्रार केली की उरुग्वेने दोन आफ्रिकन खेळवले. दुसरा हुआन देल्गादो. त्या काळात काळे खेळाडू राष्ट्रीय संघात घेणारा उरुग्वे जवळजवळ एकटाच होता.

मग १९२२ मध्ये देशाच्या फुटबॉल संघटनेशी बिनसून पेन्यारोल बाहेर पडला, वेगळी फेडरेशन काढली. त्याची किंमत: १९२४ मध्ये पॅरिसला उरुग्वेने ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं, त्यात पेन्यारोलचा एकही नाही. पिएंदिबेने नाही, ग्रादीन नाही. भांडण मिटवायला राष्ट्राध्यक्षांना लवाद व्हावं लागलं. जगाला उरुग्वे दिसला तो या दोघांशिवायच.

बुधवार

भाच्याने रजा काढली. आज त्याची पाळी होती: नासिओनालचं ग्रान पार्के सेंत्राल. मैदान सुंदर आहे, हे कबूल. वस्तीच्या मधोमध, घरांच्या गच्च्यांवरून दिसणारं. १९३०चा दुसरा पहिला सामना, अमेरिका विरुद्ध बेल्जियम, इथला. एका स्टँडला आब्दोन पोर्ते याचं नाव आहे. १९१८ मध्ये संघातली त्याची जागा गेली आणि मार्चमधल्या एका रात्री त्याने मैदानाच्या मधोमध येऊन जीव दिला. भाचा ही गोष्ट सांगताना हळू बोलत होता. पेन्यारोलच्या संग्रहालयात शिरायला नाही म्हणणारा हाच, हे मी विसरलो.

माहिती द्यायला एक बाई होत्या, साठीच्या, चटपटीत. भाच्याने माझी ओळख ‘पेन्यारोलवरून आलेले मामा’ अशी करून दिली आणि मजा बघायला बाजूला झाला. त्यांनी क्रमाने मुद्दे मांडले. नासिओनाल स्थानिक विद्यार्थ्यांनी काढला, परदेशी कंपनीने नाही. रेल्वेचा क्लब १९१३ नंतरही कागदावर होताच. जानेवारी १९१५ मध्ये तो विसर्जित झाला आणि त्याने आपले चषक ब्रिटिश हॉस्पिटलला दिले, पेन्यारोलला नाही. बाप मुलाला घर न देता दवाखान्याला देतो, तर तो मुलगा कुणाचा?

मी म्हणालो, देशाची फुटबॉल संघटना रेल्वेच्या काळातल्या पाच लीग पेन्यारोलच्याच खात्यात मोजते. त्या म्हणाल्या, संघटना चुकते. मी म्हणालो, हार्ली आणि पिएंदिबेने १९१३ मध्ये ज्या संघातून खेळले त्याच संघातून १९१४ मध्येही खेळले. कुठल्या दिवशी ते दुसऱ्या क्लबात गेले? ओरडणारी माणसं आधीही पेन्यारोल म्हणूनच ओरडत होती. कंपनीने कागद फाडला, माणसं तिथेच राहिली. आमच्याकडेही मालक बदलले, पाट्या बदलल्या. वर्कशॉप आमचंच होतं.

बाईंनी हे सगळं नीट ऐकून घेतलं. भाच्याला त्यांनी माझं स्पॅनिश दुरुस्त करून पुन्हा सांगायला लावलं आणि पुन्हा ऐकलं.

“सेन्योर,” त्या म्हणाल्या, “चषक हॉस्पिटलात गेले.”

भाच्याने त्यांना टाळी दिली.